पंचाहत्तर लाखांचे घर कितीला पडते?

घर घेताना बहुतेक कुटुंबे एकाच आकड्याभोवती घुटमळतात: मालक किती मागतो आणि तो किती खाली येतो. हा आकडा महत्त्वाचा खरा, पण त्यात तीन निरनिराळ्या वस्तू एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात. पहिली वस्तू जमीन, जिचा भाव चांगल्या जागी काळाबरोबर चढत जातो. दुसरी इमारत, जी ताबा मिळाल्याच्या दिवसापासून झिजू लागते. आणि तिसरी कागदपत्रे, ज्यांच्यावरून जमिनीची ती वाढ आपल्या पदरात पडणार की दुसऱ्याच्या, हे ठरते. घर पाहायला गेलेला माणूस टाइल्स, खिडक्या आणि स्वयंपाकघराचा ओटा पाहतो, म्हणजे नेमकी झिजणारी वस्तू पाहतो. उरलेल्या दोन वस्तू त्याला कोणी दाखवत नाही.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे. पुण्याच्या एका उपनगरातील, १९९४ साली बांधलेली, चार मजल्यांची, १६ सदनिकांची आणि एक लिफ्ट असलेली सहकारी गृहनिर्माण संस्था; तिच्यातील दोन बेडरूमची सदनिका; ठरलेला भाव ७५ लाख रुपये. आकडे उदाहरणाचे आहेत आणि आपल्या गावाप्रमाणे ते बदलतील, पण हिशेबाची रीत बदलत नाही.

पहिले काम: टेप घेऊन जाणे

एजंट या सदनिकेला ‘हजार फुटांचा फ्लॅट’ म्हणतो. १९९४ च्या करारनाम्यात ‘बिल्टअप ८२० चौरस फूट’ लिहिलेले असते. आपण टेप लावून खोल्या मोजतो तेव्हा भिंतींच्या आतले, प्रत्यक्ष सतरंजी अंथरता येईल असे क्षेत्र ६४० चौरस फूट भरते. हजाराने भागले तर दर ७,५०० रुपये प्रति चौरस फूट दिसतो, ६४० ने भागले तर तोच दर ११,७१९ रुपये होतो. पलीकडच्या गल्लीतील नव्या इमारतीशी तुलना करायची असेल तर ती चटई क्षेत्रावरच करावी, कारण रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यामुळे नव्या प्रकल्पांना चटई क्षेत्रावरच विक्री करावी लागते. त्या कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी मात्र धरल्या जात नाहीत. जुन्या आणि नव्या घराचे दर शेजारीशेजारी मांडताना ही व्याख्या विसरली, तर जुने घर उगाचच स्वस्त वाटते.

आता गाठोडे सोडून पाहू. संस्थेचा भूखंड ११,००० चौरस फुटांचा आहे असे धरले, तर सोळा जणांत प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ६९० चौरस फूट जमिनीचा अविभक्त हिस्सा येतो. आज तशीच इमारत बांधायला प्रति चौरस फूट २,२०० रुपये लागतात असे मानले, तर ८२० चौरस फुटांचे नवे बांधकाम १८ लाखांचे होते, आणि तीस वर्षे वापरलेल्या बांधकामाची किंमत त्याहून पुष्कळच कमी. म्हणजे ७५ लाखांपैकी १० ते १२ लाख विटा-सिमेंटचे आणि उरलेले सगळे जमिनीचे व जागेच्या मोक्याचे. हे प्रमाण कळले की दोन निर्णय सोपे होतात. मालकाने गेल्या वर्षी केलेल्या फॉल्स सीलिंगसाठी पाच लाख जास्त द्यायचे की नाही, हा एक. आणि जमीन कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न चहा पिता पिता विचारायचा की वकिलाकडून लेखी घ्यायचा, हा दुसरा.

भाव पारखण्यासाठी सरकारचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, जरूर पाहावा. पण तो बाजारभाव नव्हे, मुद्रांक शुल्काची किमान पायरी आहे. खरा बाजारभाव कळतो तो त्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत गेल्या वर्षभरात नोंदलेल्या दस्तांच्या सूची क्रमांक दोनवरून, ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ही माहिती शोधता येते. जाहिरातींतले भाव मागण्याचे असतात, इंडेक्स टूमधले देण्याचे.

पहिल्या दिवशी लागणारी रोकड

पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क मूळ ५ टक्के, स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का आणि मेट्रोचा अधिभार १ टक्का असे एकूण ७ टक्के पडते. मुंबईत ते ६ टक्के आहे. ठरलेली किंमत आणि रेडी रेकनरचे मूल्य यांपैकी जे जास्त, त्यावर ते आकारले जाते. आपल्या उदाहरणात ही रक्कम ५,२५,००० रुपये होते. नोंदणी शुल्क १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर जात नाही. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते, म्हणजे येथे ७५,००० रुपये वाचतात. पतीचे नाव जोडले की ही सवलत जाते.

एजंटाला १ टक्का धरला तरी ७५,०००, वकिलाला २०,०००, बँकेची प्रक्रिया फी, मूल्यांकन आणि गहाणाच्या दस्ताचे शुल्क मिळून सुमारे ४०,०००. संस्थेचे हस्तांतर अधिमूल्य महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येते. त्याशिवाय हस्तांतर फी ५०० आणि प्रवेश फी १००. याहून मोठी रक्कम ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून मागणाऱ्या संस्था आजही आहेत. ती देणे बंधनकारक नाही, आणि पावती देण्यास कमिटीने नकार दिला तर काय समजायचे ते समजावे. या सर्वांची बेरीज ७ लाख १६ हजारांच्या आसपास जाते. त्यात प्लंबिंग, वायरिंग आणि रंगाचे चार लाख मिळवले, की पंचाहत्तर लाखांचे घर सव्वा शहाऐंशी लाखांना पडते.

पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का प्राप्तिकर कापून सरकारजमा करायचा असतो. हा जादा खर्च नव्हे, मालकाला द्यायच्या रकमेतूनच तो वजा होतो. पण तो भरायची जबाबदारी आपली असते आणि विसरल्यास व्याज व दंड आपल्याच माथी येतो. मालक परदेशात राहणारा असेल तर कपातीचे नियम पूर्णपणे वेगळे आणि दर कितीतरी मोठा असतो, तेव्हा अशा व्यवहारात सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये.

काही रक्कम रोखीत द्या, असा आग्रह अजूनही होतो. अशी रक्कम करारनाम्यात येत नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही, पुढे घर विकताना ती आपल्या खरेदी किमतीत धरली जात नाही आणि व्यवहार फिसकटला तर ती मागायला पुरावा नसतो. शिवाय करारातील किंमत रेडी रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी दाखवली, तर तो फरक खरेदीदाराचेच उत्पन्न समजून त्यावर कर लागू शकतो. स्वस्त वाटणारी ही वाट शेवटी घेणाऱ्यालाच महाग पडते.

कर्ज: हप्ता नव्हे, व्याज पाहावे

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. आणि आपल्या उदाहरणासारख्या घराच्या किमतीत मुद्रांक व नोंदणी शुल्क धरता येत नाही. वरचे सात लाख त्यामुळे खिशातूनच जातात. बँक जास्तीत जास्त किती देते आणि आपल्याला किती पेलते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बँक फक्त पहिल्याचे उत्तर देते.

उदाहरणातील कुटुंबाने ५० लाखांचे कर्ज ८.५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले असे धरू. मासिक हप्ता ४३,३९१ रुपये. पहिल्या हप्त्यातील ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ७,९७४ रुपयांनी कमी होते. वीस वर्षांत बँकेला एकूण १ कोटी ४ लाख रुपये परत जातात, म्हणजे व्याजच ५४ लाखांच्या वर. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसतो. त्यामुळे सुरुवातीच्या पाच-सहा वर्षांत दरसाल एक-दोन हप्त्यांइतकी जादा रक्कम मुद्दलात भरली, तर तिचा परिणाम शेवटच्या पाच वर्षांत भरलेल्या त्याच रकमेपेक्षा कितीतरी अधिक होतो.

दराचा धोका मात्र समजून घेतला पाहिजे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तशा, बाह्य दराशी जोडलेली असतात. मे २०२२ च्या आरंभी ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्के झाला. ज्याने ७ टक्क्यांनी ५० लाख घेतले होते, त्याचा हप्ता ३८,७६५ रुपये होता; अडीच टक्के वाढ झाल्यावर त्या कर्जाचे नुसते व्याजच महिन्याला ३९,५८३ रुपये होऊ लागले. हप्ता तोच ठेवला असता तर मुद्दल कमी होण्याऐवजी वाढत गेले असते. पुष्कळांची मुदत बँकांनी परस्पर वाढवली आणि निवृत्तीनंतरही हप्ते चालू राहतील हे कर्जदारांना विवरणपत्र पाहिल्यावर कळले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने असे सांगितले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्यावी. कर्ज घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी: व्याजदर दोन टक्क्यांनी चढला आणि घरातील एकाचा पगार सहा महिने थांबला, तर हप्ता कशातून जाईल? उत्तर ‘बघू’ असे येत असेल, तर घर लहान घ्यावे किंवा थांबावे.

प्राप्तिकराच्या सवलतीवर घराचा निर्णय टेकवू नये. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही.

कागद

येथे घाई करू नये. मालक, एजंट आणि आपलीच हौस, तिघेही घाई करतात.

सदनिकेच्या मालकीची साखळी पहिल्या बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत अखंड हवी. १९९४ मध्ये बिल्डरने ‘अ’ला विकले, २००३ मध्ये ‘अ’ने ‘ब’ला, २०१२ मध्ये ‘ब’ने ‘क’ला, तर या तिन्ही करारनाम्यांच्या मूळ प्रती, नोंदणीच्या पावत्या आणि इंडेक्स टू मालकाकडे असले पाहिजेत. मूळ प्रत ‘कुठेतरी ठेवली आहे’ असे उत्तर आले, तर ती एखाद्या बँकेच्या किंवा पतपेढीच्या तिजोरीत असण्याची शक्यता गृहीत धरून चौकशी करावी. वकील तीस वर्षांचा शोध घेऊन सर्च रिपोर्ट देतो. गहाणांच्या केंद्रीय नोंदणीतही तपास करायला त्याला सांगावे. एखादा जुना दस्त कमी मुद्रांकावर झालेला असेल तर फरकावर दरमहा २ टक्के दंड चढत गेलेला असतो. तो कोण भरणार, हे साठेखतातच, म्हणजे विक्रीच्या आधीच्या करारातच, लिहून घ्यावे.

संस्थेकडून भाग प्रमाणपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, मालकाच्या नावावर असल्याची खात्री आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार, विक्रीला संस्थेची ना हरकत आवश्यक नसते, पण बँका ती मागतात, म्हणून कमिटीशी आरंभापासून सलोख्याने वागणे शहाणपणाचे. पार्किंगची जागा संस्थेच्या ठरावाने दिलेली आहे की मालक ‘आम्ही इथेच लावतो’ म्हणून हात दाखवतो आहे, हेही याच वेळी पाहावे.

मग इमारतीचे कागद: बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतींत माणसे वर्षानुवर्षे राहतात, कर भरतात, लग्नकार्ये करतात, आणि विकायला काढल्यावर बँकेने कर्ज नाकारले की त्यांना त्या कागदाची किंमत कळते. मंजूर नकाशा घेऊन सदनिकेत फिरावे. बाल्कनी खोलीत घेतली असेल किंवा डक्टवर स्लॅब टाकला असेल, तर ते अनधिकृत बांधकाम आपल्यासोबत आपल्या नावावर येते.

आणि शेवटी जमीन. प्रॉपर्टी कार्ड किंवा सात-बारा काढून पाहावे. मालक म्हणून संस्थेचे नाव असेल तर अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झालेले आहे. अजून मूळ जमीनमालकाचे किंवा बिल्डरचेच नाव असेल, तर आपण ज्या ६९० चौरस फुटांसाठी साठ-पासष्ट लाख मोजत आहोत, तो हिस्सा कागदोपत्री अजून दुसऱ्याचा आहे. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याप्रमाणे संस्था स्थापन झाल्यावर बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यायची असते. तो टाळाटाळ करत असेल तर संस्था उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्यासाठी, अर्ज करू शकते. अशा संस्थेत घर घेऊच नये असे नाही, पण अर्ज केला आहे का, कुठवर आला आहे आणि वाद आहे का, हे विचारून भाव त्याप्रमाणे धरावा. जमीन भोगवटादार वर्ग दोनची किंवा भाडेपट्ट्याची असेल, नवी मुंबईत सिडकोची असते तशी, तर हस्तांतरासाठी परवानगी आणि शुल्क लागते. पुण्यात बऱ्याच इमारती सहकारी संस्था नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्राने झालेल्या असतात. तेथे शेअर सर्टिफिकेट नसते, प्रत्येकाचे डीड ऑफ अपार्टमेंट असते आणि देखभालीचा वाटा अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने ठरतो.

सर्व कागद पटले की साठेखत करून नोंदवावे. त्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेले असले की पुढच्या खरेदीखतावर ते पुन्हा भरावे लागत नाही. त्याआधी द्यायचे टोकन लहान ठेवावे आणि ते चेकनेच द्यावे.

दरमहा, दरसाल आणि अचानक

मासिक देखभाल ३,५०० रुपये, मालमत्ता कर वर्षाला १२,००० आणि घरातली किरकोळ डागडुजी वर्षाला ३०,००० धरली, तर ८४,००० रुपये होतात. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत आहे. नव्या मालकाने त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. तो राहून जातो आणि मग जादा बिल आले म्हणून धावपळ होते. पाण्यासाठी टँकर येतो का, हे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन पाहावे, ऑगस्टमध्ये विचारू नये.

अचानक येणारा खर्च कसा असतो, हे मी आमच्याच इमारतीत खजिनदार असताना पाहिले. लिफ्ट तीस वर्षांची झाली होती, तिचे सुटे भाग मिळेनासे झाले होते आणि नव्या लिफ्टची निविदा १४ लाखांची आली. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी दरसाल साठवायच्या निधीत, ३ लाख ८० हजार होते. उरलेले १० लाख २० हजार सोळा जणांत वाटले तेव्हा प्रत्येकाच्या नावावर ६३,७५० रुपये आले. तीन महिन्यांपूर्वी राहायला आलेले एक गृहस्थ सभेत उभे राहिले आणि म्हणाले, “मला हे कोणी सांगितलंच नाही.” ते खरे होते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी “आम्ही लिफ्ट वापरतच नाही” हा दर सभेतला मुद्दा पुन्हा मांडला आणि सभा साडेअकरापर्यंत चालली. पैसे शेवटी सर्वांनी भरले.

फंड इतका कमी कसा, याचे उत्तर उपविधींत आहे. सिंकिंग फंड सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरसाल या दराने गोळा होतो. १९९४ मध्ये बांधकाम खर्च ५०० रुपये चौरस फूट धरला, तर ८२० फुटांवर वर्षाला १,०२५ रुपये. सोळा जणांचे मिळून १६,४००. जुन्या खर्चावर गोळा होणारी ही वर्गणी आजच्या दरांना पुरत नाही, आणि कमिटीने ती वाढवायचा ठराव मांडला की सर्वसाधारण सभा तो पाडते. म्हणून घर घेण्यापूर्वी संस्थेचे शेवटच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मागावेत. त्यात चार गोष्टी पाहाव्यात: फंडात किती आहे, किती सभासद थकबाकीत आहेत, लिफ्ट, टाकी, गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांवर काय चर्चा झाली आहे आणि संस्थेवर दावे किती आहेत. मालक हे कागद देण्यास का कू करू लागला, तर ती माहितीच असते.

घर पुढे भाड्याने द्यायचे असेल, तर संस्था बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही.

खांब, पाणी आणि विमा

पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे, असे आदर्श उपविधी सांगतात. आपल्या उदाहरणातील इमारतीने तिशी ओलांडलेली असल्याने शेवटचा अहवाल मागून वाचावाच. तो नसेल तर स्वतः तळमजल्याचे पार्किंग पाहावे: खांबांवर उभ्या भेगा, सुटलेले प्लास्टर आणि डोकावणारी गंजलेली सळई दिसते का? वरच्या मजल्यावरील संडास-बाथरूमखालच्या छतावर पिवळे डाग दिसतात का? रंग नुकताच काढलेला असेल तर अधिक बारकाईने पाहावे. नवी इमारत म्हणजे मजबूत, असेही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला कोसळलेली पाच मजली इमारत दहा वर्षांचीही नव्हती.

पाण्याचा धोका पत्त्यावर अवलंबून असतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काठच्या वस्त्यांना झोडपले आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. इमारत या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, हे विकास आराखड्याच्या नकाशावरून पाहावे आणि तळमजल्यावरच्या जुन्या रहिवाशाला पाणी कुठपर्यंत आले होते ते विचारावे. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

विमा घराच्या बाजारभावाचा नव्हे, पुन्हा बांधायच्या खर्चाचा घ्यायचा असतो. येथे ७५ लाखांचा नव्हे, १८ ते २० लाखांचा. जमीन जळत नाही आणि वाहूनही जात नाही. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी विमा कंपन्या देतात. तिच्यात आग, पूर, भूकंप येतात आणि घरातील सामानालाही ठरावीक मर्यादेपर्यंत संरक्षण मिळते. कर्जाइतका मुदतीचा आयुर्विमा हप्ता भरणाऱ्याच्या नावे वेगळा घ्यावा. बँक कर्जाला जोडून देते ती एकरकमी पॉलिसी घेण्याआधी दोन्हींचा हप्ता ताडून पाहावा.

पुनर्विकासाच्या आशेवर जादा भाव देणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. पण ‘बोलणी चालू आहेत’ आणि ‘करार नोंदला आहे, बँक गॅरंटी आली आहे’ यांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. बिल्डर मध्येच थांबला तर भाडेही थांबते आणि घरही उरत नाही. आशेची किंमत देऊ नये, नोंदलेल्या कराराची द्यावी.

नव्या बांधकामात घर घेणाऱ्याने महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, ताब्याची तारीख आणि चालू दावे पाहावेत. करार नोंदवण्यापूर्वी बिल्डरला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताब्यानंतर पाच वर्षांत निघालेले संरचनेचे दोष त्याने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. परवडणाऱ्या गटात न मोडणाऱ्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर तो लागत नाही.

भाड्याने राहिलो असतो तर?

हा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर मांडावा. हीच सदनिका महिना २०,००० रुपये भाड्याने मिळते, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. मालकीचा पहिल्या वर्षाचा खर्च असा: कर्जावरील व्याज सुमारे ४ लाख २१ हजार, दुरुस्तीचे चार लाख सोडून स्वतःचे घातलेले ३२ लाख ठेवीत ७ टक्क्यांनी मिळवले असते ते २ लाख २५ हजार, देखभाल, कर आणि डागडुजी ८४,०००. बेरीज ७ लाख ३० हजार. भाड्याहून ४ लाख ९० हजार जास्त, म्हणजे घराच्या किमतीच्या साडेसहा टक्के. भाव दरसाल साडेसहा टक्क्यांनी चढला तर पहिल्या वर्षी दोन्ही पारडी समान. कमी चढला तर भाडेकरू पुढे. जसजसे भाडे वाढते आणि मुद्दल फिटते, तसतसे पारडे मालकाकडे झुकते, आणि म्हणून चार-पाच वर्षांत बदली किंवा परगावी जाण्याची शक्यता असलेल्याने घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आत आणि बाहेर जाण्याचे खर्चच इतक्या थोड्या काळात भरून निघत नाहीत.

या कागदावर न मावणाऱ्या गोष्टीही असतात. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार संपताना येणारा मालकाचा फोन, मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईला पाठ झालेला जिना, भिंतीत खिळा ठोकायची मुभा. त्यांची किंमत प्रत्येक कुटुंबाने स्वतः धरावी. पण धरताना ती किती हजार रुपये महिना आहे, हे आकड्यात लिहून पाहावे.

बाहेर पडण्याची वाट

घर म्हणजे मोडता येणारी ठेव नव्हे. योग्य गिऱ्हाईक मिळायला महिने लागतात. खरेदीनंतर दोन वर्षांनी विकले तर दीर्घकालीन भांडवली नफा मोजला जातो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे, आणि त्यापूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय निवडता येतो. नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर कायद्याच्या अटींनुसार सूट मिळते. म्हणून खरेदी आणि मोठ्या सुधारणांच्या सर्व पावत्या बँकेतून दिलेल्या पैशांसह जपून ठेवाव्यात.

संस्थेत नामनिर्देशन केले म्हणजे घराचा वारस ठरला, हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने घर सांभाळते, मालक होत नाही. दोन भावंडांपैकी एकाचे नाव नॉमिनी म्हणून टाकून वडील निश्चिंत होतात आणि पुढची दहा वर्षे भावंडे कोर्टाच्या तारखांना भेटतात. नामनिर्देशन करावे आणि मृत्युपत्रही करावे.

नोंदणी झाल्यावर पहिल्या महिन्यात संस्थेकडे हस्तांतराचा अर्ज, मालमत्ता करावर नाव, महावितरणच्या मीटरवर नाव आणि पीटी-३ अर्ज ही चार कामे उरकावीत. बँकेत मूळ कागद जमा करताना प्रत्येक दस्ताची पानांच्या संख्येसह सही-शिक्क्याची यादी घ्यावी. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत हे कागद परत देणे आणि गहाणाची नोंद उठवणे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केले आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. वीस वर्षांनी काउंटरवर बसून पाने मोजताना तीच यादी हातात लागते.